खटका वर, खटका खाली

मी एक जुना खटका आहे. नॉर्थ डकोटातल्या नॉर्डाल गावच्या टीव्ही केंद्रात माझा जन्म गेला. मला खाली ओढलं की पडद्यावर न्यूयॉर्कची वाहिनी दिसे; वर केलं की आमचं गाव. मित्रांनो, माझं काम एवढंच होतं, पण मला त्याचा भारी तोरा होता.

सुरुवातीला आम्हाला कोणतीच वाहिनी विचारत नसे. मग न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वाहिनीने आपले कार्यक्रम आम्हाला दाखवायला दिले आणि मालक ऑर्विल स्टेनरुड हरखून गेला. पण संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटं मी वर असे. तेव्हा केंद्रातल्या लेनोराबाई कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसून गावकऱ्यांचे निरोप सांगत. दूरच्या शेतांवर वीज पोहोचली होती, टेलिफोन नव्हते. "थोर्सेनकडच्यांनो, आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. गाय विकू नका म्हणतात," असं त्या सांगत, आणि तिकडे थोर्सेनांच्या घरात जेवण गोड लागे.

काही वर्षांनी वाहिनीला ती दहा मिनिटं हवीशी झाली. द्या, नाहीतर आम्ही चाललो, असा तिचा निरोप आला. ऑर्विलने मान तुकवली. लेनोराबाई चष्मा टेबलावर विसरून घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं, पण खटक्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि मेल्विनने, म्हणजे मला चालवणाऱ्याने, सवयीने मला वर केलं. साऱ्या मुलखाला रिकामी खुर्ची आणि टेबलावरचा चष्मा दिसला. त्याच्या लक्षात येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लोकांनी एकच अर्थ काढला. विचारायला टेलिफोन नाही, आणि आमच्याकडे कुणी वारलं की त्या घरी रिकाम्या हाताने कोणी जात नाही. लेनोराबाई एकट्या राहत, केंद्र हेच त्यांचं घरदार. म्हणून सकाळी बायाबापड्या गाड्या काढून केंद्रातच आल्या. खिमा-बटाट्याची गरम भांडी माझ्या शेजारी येऊन बसली. तेवढ्यात चष्मा न्यायला खुद्द लेनोराबाई आत शिरल्या.

गुद्रुन थोर्सेन त्यांच्याकडे बघतच राहिली. "अगं, तू गेलीस ना?"

"अजून नाही. पण आणलंयस तर वाढ."

सगळे हसले आणि हसताहसता गुद्रुनने डोळे पुसले. मग ती ऑर्विलकडे वळली. "माझी बहीण पोटुशी आहे. तिचं झालं की मला सांगणार कोण? न्यूयॉर्कवाले?"

ऑर्विलने ताटातलं संपवलं. "मेल्विन, आज सातला खटका वर कर."

"चुकून?"

"मुद्दाम."

मोठी वाहिनी गेली. पगार लांबले, पडद्यावर जुनेपाने सिनेमे आले. मग एका लहान वाहिनीने आम्हाला जवळ केलं. ती बुडाल्यावर तिसरीने. पण सातचे निरोप मालकाने शेवटपर्यंत सोडले नाहीत. त्याच्यामागे मुलांनी केंद्र शहरातल्या कंपनीला विकलं. आता तिकडचं एक यंत्र सगळं बघतं आणि ते कधी चुकत नाही. मला गावच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलंय.

मागच्या हिवाळ्यात लेनोराबाई वारल्या. त्या संध्याकाळी सातला मालिका अगदी वेळेवर लागली. घरोघरी फोन होते, पण कळवणं हे कोणाचंच काम उरलं नव्हतं. जो तो समजला, दुसऱ्याने सांगितलं असेल. म्हाताऱ्या गुद्रुनला माती झाल्यावर कळलं. ती इथे आली, काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. "मला कोणी सांगितलंच नाही रे," एवढंच माझ्याशी बोलली.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवू नका. तुमच्या गावात निरोप पोहोचवणारं कोणी अजून उरलं असेल, तर आधी त्याला सांभाळा.