पाच घरचं घड्याळ

मी एक फाईल बोलतेय. जुने संगणक कधीच भंगारात गेले, पण त्यांचे प्रोग्राम नव्या संगणकावर चालावेत म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. ते जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेतं. त्याला एमुलेटर म्हणतात. आमच्या एमुलेटरमधलं घड्याळ मी सांभाळते.

मला लिहिलं दादांनी. दादा म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. माणूस लाखात एक, पण कामाची भारी घाई. आणखी एखाद्या जुन्या यंत्राचा प्रोसेसर, म्हणजे मेंदू, जोडायचा आला की माझी नक्कल उचलायची, त्याच्या फोल्डरमध्ये टाकायची, जुजबी बदल केले की झालं. असं करता करता मी पाच घरची झाले. एका घरी माझं दुखणं बरं केलं, तरी बाकीच्या घरी ते तसंच राहायचं.

एकदा एक विणकर बाई आल्या. त्यांच्या आईने गालिच्यांची नक्षी एका जुन्या यंत्रावर काढून ठेवली होती. आई गेली, यंत्रही गेलं. आमच्याकडे ती नक्षी उघडायची, पण अर्ध्यावर येऊन थांबायची. दुखणं माझंच. चार घरी कधीच बरं झालेलं, पाचव्या घरी कुणी फिरकलंच नव्हतं.

"चार तर ओळी आहेत. तिथेही डकव आणि मोकळी हो," दादा म्हणाले.

"आणि सहावा आला की परत डकवू?" चाळणीने विचारलं. ही आमची प्रोग्रामर. प्रत्येक ओळ चाळून बघते, म्हणून हे नाव. तिने पाचही नकला शेजारी शेजारी मांडल्या, सारखं होतं ते एकत्र केलं आणि मला सामाईक फोल्डरमध्ये आणून बसवलं. मला अगदी हायसं वाटलं.

पण नक्षी आता उघडेचना. बाईंचा चेहरा उतरला. "आईच्या हातचं एवढंच आहे हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

चाळणीने काढून टाकलेली पाचव्या घरची नक्कल पुन्हा समोर घेतली. "दादा, इथे वजाबाकी होती. मला वाटलं, चुकून पडलीय."

दादांनी कपाळावर हात मारला. "अगं, ते यंत्र उलटंच मोजतं, शून्याकडे. मीच लिहिलं होतं. शेजारी टीप टाकायची तेवढी राहिली."

दुसरी कुणी असती तर वैतागून पाचही नकला परत आणल्या असत्या. हिने सगळं काम माझ्याकडेच ठेवलं. फक्त मोजायचं कसं, एवढं ज्याचं त्याने सांगायचं. मी विचारते, प्रोसेसर आपल्या घरातून उत्तर देतो. चौघे म्हणतात चढत मोज, एक म्हणतो उतरत मोज. दोघांचंही खरं. हे ओळखणाऱ्या पोरीचं मला फार कौतुक वाटतं.

नक्षी उघडली. एकामागून एक गालिचे पडद्यावर पूर्ण उमटत गेले. शेवटचा मात्र अर्ध्यावर थांबला. दादा मला तपासू लागले, पण मी तर व्यवस्थित चालू होते.

"राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या. "ती एवढीच आहे. आई इथवर आली होती."

मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी स्वतःच पडद्यावर पुढची गाठ भरायला घेतली.

सहावा प्रोसेसर येतोय म्हणे. माझी नक्कल करू नका, एवढंच मागणं आहे. नुसती हाक मारा, मी इथेच आहे. फक्त आत्ता जरा कामात आहे. बाईंची नक्षी पूर्ण व्हायचीय.