आठ तास

प्लोव्दिवच्या आमच्या दवाखान्यात, चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्यांचा गट दर मंगळवारी भरतो. प्रत्येकाने रोजची झोप वहीत लिहायची. मला जेमतेम तीन तास झोप लागते, पण तसं लिहिलं की डॉक्टर नेवेना सगळ्यांसमोर कारण विचारणार. म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसून सातही रकाने एका दमात भरले: आठ तास, आठ तास.

"वा, ल्युबेन," डॉक्टर म्हणाल्या. "कसं जमवलंत, ते त्स्वेतानाबाईंना सांगा बघू."

शेजारच्या त्स्वेतानाबाईंच्या वहीत दोन, अडीच, दोन असं खरंखुरं लिहिलेलं. त्या पेन उघडून आशेने माझ्याकडे बघत राहिल्या. माझे कान तापले.

"लिंडनच्या फुलांचा चहा," मी पुटपुटलो. त्यांनी ते लिहून खाली रेघ मारली.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी त्यांचीही पाठ थोपटली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तशीच होती. मी हळूच वहीत डोकावलो. सातही रकान्यांत 'आठ तास', एकाच बैठकीत घाईने ओढलेले. ते ओळखायला मला वेळ लागला नाही.

"चहाने गुण आला हो," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

"मलाही आला होता," मी म्हणालो.