कृपया ब्रेक दाबा

माझा आवाज दादाने एका बटणासरशी घालवला. तसा माझा खरा आवाज त्याआधीच डॉक्टरांनी काढला होता. गाठ होती, ती स्वरयंत्र घेऊन गेली. पण डॉक्टरांनी निदान सही तरी घेतली. दादाने विचारलंसुद्धा नाही.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. थोरला भाऊ मालक, मी शिकवणारी. शिकायला येणारे पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. ऑपरेशनच्या आधी लेकीने मला समोर बसवून एका प्रोग्रॅममध्ये माझा आवाज भरून घेतला. प्रोग्रॅमवाल्यांनी वाचायला वाक्यं दिली होती. ‘मला पाणी हवे आहे.’ ‘आज हवा छान आहे.’ मी म्हटलं, हवेचं मला काय करायचंय? मी माझीच वाक्यं भरली. ‘ब्रेक!’ ‘क्लच हळू सोड, पळून जात नाही तो.’ ‘आरसा काय भांग पाडायला दिलाय?’ ‘डोळे कुठे आहेत?’ एकेका बटणावर एकेक वाक्य. गाडीत मांडीवर लॅपटॉप असायचा, आणि समोरच्याची चूक झाली की माझं बोट पडायचंच. घसा गेला, पण गाडीतली जागा सुटली नाही.

त्या दिवशी दुपारी मी हात धुवायला आत गेले होते. लॅपटॉप काउंटरवर उघडा होता. त्यावर बरेच दिवस एक सूचना यायची की सिस्टिमची नवी आवृत्ती तयार आहे, आता घ्या. मी ती रोज हाकलत होते. दादाचा स्वभाव असा की कुठलंही काम ‘बाकी’ दिसलं की त्याला चैन पडत नाही. मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर एक गोल फिरत होतं आणि दादा समाधानाने चष्मा पुसत होता.

“टाकलं करून. कधीपासून मागे लागलं होतं बिचारं!”

मी दोन्ही हातांनी काउंटर बडवला. तो म्हणाला, “अगं, होईल पाच मिनिटांत.” संध्याकाळपर्यंत ते गोल फिरत होतं, आणि ज्या यंत्रातून मी ओरडले असते तेच यंत्र बंद होतं. माझ्या आयुष्यात इतका राग मी कधी गिळला नव्हता.

चालू झालं तेव्हा सगळं कसं चकचकीत झालं होतं. कोपरे गोल, रंग फिके, घड्याळ भलतीकडे. माझा प्रोग्रॅम उघडायला गेले तर पाटी आली: हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालणार नाही. खाली फक्त ‘ठीक आहे’ असं बटण. ठीक कसलं डोंबलाचं!

नव्या आवृत्तीत वाचून दाखवणारा स्वतःचा आवाज होता. काहीही टाइप करा, एक बाई ते मधाळपणे म्हणून दाखवते. दादाने दोन-तीन वाक्यं घालून पाहिली आणि खूश झाला. “बघ, आता तुला हवं ते बोलता येईल. आधी काय, ठरलेली वीस-पंचवीस वाक्यं. आणि किती गोड आहे गं!”

दुसऱ्या दिवशी ती गोड बाई मी गाडीत नेली. शिकायला होती बँकेतली एक कारकून, हुशार पण पाय जड. चौकात समोरचा टेम्पो थांबला. मी दादाने घालून ठेवलेल्या ब्रेकच्या वाक्याचं बटण दाबलं. बाईंनी आधी श्वास घेतल्यासारखं केलं आणि मग म्हणाल्या, “कृपया ब्रेक दाबा.” तोवर मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी थांबवली होती. टेम्पोचा मागचा दिवा हाताला लागेल इतका जवळ होता. मग मी ‘कृपया’ काढून टाकलं. तरी ती ‘ब्रेक’ असं म्हणायची की बशीत बिस्किट ठेवतेय.

कारकूनबाई हसून म्हणाल्या, “मॅडम, आज किती प्रेमाने बोलताय! मला टेन्शनच आलं नाही.”

तिला टेन्शन आलं नाही, इथेच सगळं आलं. टेम्पोचं दादाला कळलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “या आठवड्यात काय ते जमव. नाहीतर सोमवारपासून तू काउंटरवर बस, गाडीवर मी दुसरं माणूस बघतो. कुणाला लागलं-बिगलं तर मला झेपणार नाही.”

काउंटरवर! फोन वाजतो तिथे, जिला बोलता येत नाही तिने बसायचं! मी लगेच जावयाला बोलावलं. जावईबापू संगणकातले आहेत. बोलतात कमी, चहा पितात फार. रविवारी सकाळी ते स्कूलमध्ये आले, लेक बरोबर होतीच.

त्यांनी आधी प्रोग्रॅमला जुन्या आवृत्तीचा भास करून देऊन पाहिलं. तो फसला नाही. काढून पुन्हा बसवला, तीच पाटी. बनवणाऱ्या कंपनीची साइट बघितली तर कंपनीच बंद पडलेली. “काही हरकत नाही, आई,” ते म्हणाले, “अपग्रेडनंतर थोडे दिवस मागे जायची सोय असते. जुनी आवृत्ती ते डिस्कवर राखून ठेवतात.” त्यांनी ती जागा उघडली, तर रिकामी. “ती कुणीतरी पुसलीय.”

आम्ही सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

“जागा कमी आहे म्हणत होतं,” दादा म्हणाला. “मी हो म्हटलं.”

“मामा, त्याआधी ते विचारतं,” जावई म्हणाले. “पुसल्यावर मागे जाता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.”

“वाचलं मी.”

लेक म्हणाली, “वाचलंस आणि तरी दाबलंस?”

दादा काउंटरची कड चोळू लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मला तो आवाज ऐकवत नाही. तू शेजारी तोंड मिटून बसलेली असतेस आणि त्या डब्यातून तू ओरडतेस. गेलेल्या माणसाची टेप लावल्यासारखं वाटतं. तुझा धडा सुरू झाला की मी आतलं दार लावून घेतो, ते तुला काय वाटलं, उन्हासाठी?”

मला गलबलून आलं, नाही असं नाही. पण गलबलून काउंटरवर बसायची माझी तयारी नव्हती. मी लॅपटॉप ओढला आणि टाइप केलं. ती बाई मधाळपणे म्हणाली, “मी मेलेली नाही. माझं मयत तू परस्पर उरकू नकोस.”

इतकं गोड बोललेलं इतकं कुणाला लागलं नसेल. जावईबापूंनी कप खाली ठेवला.

“एक उपाय आहे,” ते म्हणाले. “सगळं पुसून जुनी आवृत्ती बसवायची. पण तिची काळजी आता कुणी घेत नाही, आई. व्हायरस आला तर वाली नाही. इंटरनेट लावता येणार नाही.”

मी लिहिलं: गाडीत मला कुणाची पत्रं वाचायचीत? तोडा इंटरनेट.

त्यांनी माझ्या आवाजाच्या फायली आधी दोन ठिकाणी उतरवून घेतल्या, मग सगळं पुसलं. नवी चकचकीत आवृत्ती गेली, जुने टोकदार कोपरे परत आले. प्रोग्रॅम बसला. उघडला! मी ‘ब्रेक’चं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी उसळली, खाली बसली. आवाज नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अगदी माझ्यासारखं, सगळं हलतंय आणि ऐकू काही येत नाही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला चापटी मारली.

“थांबा, थांबा,” जावई म्हणाले. “स्पीकर चालवणारा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर, तो नाही बसलेला.”

ड्रायव्हर नाही म्हणून ड्रायव्हिंग स्कूल अडलंय, हे ऐकून मलाच हसू फुटलं. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर तो शोधला, आणून बसवला, आणि मला खुणेने दाबायला सांगितलं.

“ब्रेक!”

जावईबापूंचा चहा शर्टवर सांडला. लेक हसायला लागली. दादा उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

सोमवारी मी गाडीत होते. दादाने दुसरं माणूस बघितलं नव्हतं, पण माझ्याशी बोललाही नव्हता. कारकूनबाई शेजारी, गाडी फाटकाबाहेर निघायच्या बेतात. इतक्यात दादा समोरच्या दुकानातून, हातातली किल्ली चाचपत, मान खाली घालून सरळ रस्त्यावर उतरला. वळणावरून एक मोटरसायकल येत होती. माझं बोट पडलं.

“डोळे कुठे आहेत?”

दादा जागच्या जागी थिजला. मोटरसायकल त्याच्या पोटापुढून गेली. त्याने वर पाहिलं, थेट माझ्याकडे, कानापर्यंत लालबुंद होऊन, आणि भर रस्त्यात खेकसला, “ओरडू नकोस! बहिरा नाही मी!”

ऑपरेशनपासून मला कुणी ‘ओरडू नकोस’ म्हणालं नव्हतं. मी काच पूर्ण खाली केली, आवाज वाढवला आणि तेच बटण पुन्हा दाबलं.