हळदीवरून जाणारं विमान

वीरधवलने बूट काढून हातात घेतले आणि वाळत घातलेल्या हळदीच्या कडेकडेने, तोल सांभाळत, तो आंब्याखालच्या बाजेपर्यंत आला. शिजवलेल्या हळदीचा उग्र, मातकट वास रानभर भरून राहिला होता. ऋषिराजला तो जाणवत नव्हता. घरी आल्यापासून आईच्या हातच्या कालवणाचीही चव त्याला कळली नव्हती, आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नव्हतं.

"साताऱ्यापासून पलूसपर्यंत नुसत्या उसाच्या ट्रॉल्या," वीरधवल बाजेवर टेकत म्हणाला. "तुमच्याकडं यायला हवाई रस्ताच बरा."

ऋषिराज हसला. हसायला हवं होतं, म्हणून.

फ्लाइंग स्कूलमध्ये वीरधवल त्याच्या पुढच्या तुकडीत होता. पुढे दोघेही स्वस्त तिकिटांच्या विमान कंपन्यांत लागले. पण त्या दोन कंपन्या एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या. वर्षभरापासून वीरधवल विमान उडवता उडवता आपल्या कंपनीसाठी माणसंही जमवत होता. नवी विमानं येऊ घातली होती आणि ती उडवायला समोरच्यांचे वैमानिक फोडणं सगळ्यात सोपं होतं.

"दीड वर्षात कॅप्टन करतो तुला. तिकडं राहिलास तर सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीतच केस पांढरे होतील."

"आणि ड्यूट्या?"

वीरधवलने बुटातला खडा झटकला. "ड्यूट्या सगळीकडं सारख्याच रं. पण डाव्या खुर्चीत बसून दमलेलं बरं."

ऋषिराजने मान हलवली. परवा पहाटेपासून पुन्हा विमानावर जायचं होतं.

"सोमवारी मुंबईत ये. मुलाखत नावापुरतीच आहे. एवढंच विचारतील, थकलोय म्हणून कधी उड्डाण सोडलंस का?"

"न्हाई."

"बास. ताप म्हण, जुलाब म्हण, आजी गेली म्हण. तो शब्द तेवढा नोंदीला लागू देऊ नकोस. एकदा लागला, की तुमची कंपनी कोपऱ्यात बसवणार आणि आमची दारात उभं करणार नाही."

ऋषिराजची आई चंद्राबाई चहा घेऊन आल्या. त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते, आणि कपाळावर घाम पुसल्याचा एक पिवळा पट्टा उमटला होता. ऋषिराजचे वडील सांगलीच्या बाजारात गेले होते. त्या आणि ऋषिराजची धाकटी बहीण शिवांजली सकाळपासून दाताळ्याने हळद हलवत होत्या.

"घ्या पाव्हणं," त्या म्हणाल्या. "आमची हळद बघितली न्हवं? ह्येला तर वरनं दिसली."

"वरनं?"

"मंगळवारी ह्येचं इमान आमच्यावरनंच गेलं की. मुंबईचं बंगळूरला जाणारं. शिवांजली मोबाइलवर इमानाचा नकाशा बघत हुती, आई आलं, आई आलं करत. म्हनून तर यंदा सगळी हळद एकाच जागी पसरली. दरसाल दोन ठिकानी टाकतो आमी. म्हनलं, पोराला नीट दिसू दे."

"नुसतंच बघितलं," दाताळं ओढता ओढता शिवांजली म्हणाली. "एक फोटू काढाय न्हाई सुचलं दादाला. कसला पायलट."

वीरधवलने ऋषिराजकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. तेवढ्या उंचीवरून रानातली हळद दिसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मंगळवारी संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, तेव्हा ऋषिराज ‘दिसली’ म्हणाला होता. असल्या प्रेमळ थापा सगळेच वैमानिक मारतात. आताही नुसतं हसून सोडून देता आलं असतं.

पण त्याला मंगळवारची ती सकाळ आठवत होती. सलग कितवी तरी पहाट. पुणे मागे पडल्यावर कॅप्टनने खुर्ची कलती केली होती. "जरा डोळे मिटतो. विमान आता तुझ्याकडे." आणि ऋषिराजने रीतीप्रमाणे उत्तर दिलं होतं, "माझ्याकडे." त्यानंतरचं आठवत होतं ते थेट कानातला नियंत्रकाचा चढलेला आवाज, पुन्हा पुन्हा त्यांच्याच विमानाला हाका मारणारा. खाली कर्नाटकातली लाल माती होती. शेजारी कॅप्टन तोंड उघडं टाकून घोरत होता. ऋषिराजने अगदी समतोल आवाजात उत्तर दिलं, आणि विमान वेळेत उतरलं. भीती वाटलीच नव्हती. तेव्हापासून तो तिची वाट पाहत होता.

"न्हाई आई," तो म्हणाला. "मला न्हाई दिसली हळद."

"आरं, फोनवर तर म्हनलास..."

"मी झोपलो हुतो."

चंद्राबाई हसल्या. "व्हय का? मग इमान कोन चालवत हुतं?"

ऋषिराजने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"कुनीच न्हाई."

शिवांजलीचं दाताळं थांबलं. वीरधवलने अर्धा कप खाली ठेवला आणि बाजेवर बसल्या बसल्याच बूट चढवू लागला.

"हे मी ऐकलेलं नाही, ऋषी," तो नाडी बांधत म्हणाला. "सगळ्यांचाच डोळा लागतो. सोमवारी ये."

त्याच्या गाडीचा आवाज उसापलीकडे विरला.

"मानसं हुती?" चंद्राबाईंनी विचारलं.

"भरलेलं हुतं."

त्यांनी रिकामे कप एकात एक घातले, पुन्हा सुटे केले.

"परवा बी असंच व्हईल?"

"व्हईल."

ऋषिराजने खिशातून मोबाइल काढला आणि ड्यूट्या लावणाऱ्या कार्यालयाचा नंबर जोडला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, कर्मचारी क्रमांक विचारला.

"परवाच्या उड्डाणाला मी येऊ शकत नाही."

"ओके सर. आजारी लिहू?"

"नाही. थकलोय. तसंच लिहा."

कळफलकाचा आवाज थांबला.

"सर, आजारी लिहिलं तर तुम्हालाच सोपं पडेल."

"थकलोय."

"विचारून सांगते. प्लीज, फोन ठेवू नका."

फोनमध्ये कसलीशी धून वाजू लागली. शिवांजली पुन्हा दाताळं ओढू लागली. ऋषिराजने मोबाइल कानाशी धरूनच बाजेवर पाठ टेकली. आंब्याचा मोहर अंगावर झडत होता. तो झटकावा, असं त्याच्या मनात आलं.

धून थांबली तेव्हा मोबाइल त्याच्या हातातून निसटून बाजेच्या सुंभावर पडला होता. आतून बारीक हाका ऐकू येत होत्या. चंद्राबाईंनी पदराला हात पुसले, तरी उचलताना काचेवर पिवळी बोटं उठलीच.

"सर? हॅलो, सर?"

"मी त्येची आई बोलती," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्यो झोपलाय."

"मॅडम, त्यांना जरा उठवता का? दोन मिनिटांचंच काम आहे. आजारी लिहायचं की..."

चंद्राबाईंनी शिवांजलीला हातानेच दाताळं थांबवायची खूण केली.

"न्हाई," त्या म्हणाल्या.