शिट्टी थांबली त्या दुपारी

"आणि मग बाबांनी माझ्या पाठीला कान लावला," ठकी नवऱ्याला सांगत होती, "आणि लगेच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. मला उचललं आणि तडक दवाखाना. नाहीतर तू आज बसला असतास बिनबायकोचा."

जावई हसला. सिंकपाशी कप विसळत असलेल्या तिच्या बाबांच्या, कानसेनांच्या हातून मात्र बशी निसटली. नशीब, फुटली नाही.

ठकीची आई जाऊन तीन महिने झाले होते. तिचं कपाट आवरताना मागच्या कप्प्यातून ठकीचं जुनं वाफेचं मशीन निघालं, आणि त्याच्यापाठोपाठ ही गोष्ट. आईने ती इतक्या वेळा सांगितली होती की ठकीला शब्दन् शब्द पाठ. खरं काय घडलं ते दोघांनाच ठाऊक होतं. आता एकट्या कानसेनांना.

कानसेन हे नाव त्यांना कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांनी पाडलेलं. दीडशे शिलाई मशिनं एका हॉलमध्ये धडधडायची आणि हा मेकॅनिक दारातूनच सांगायचा, "तिसऱ्या रांगेतलं पाचवं. तेल मागतंय." बायका म्हणायच्या, "असे कान आमच्या नवऱ्यांना असते, तर निदान हाक तरी ऐकू आली असती!" मशीन उघडायचं, स्क्रू आवळायचे, पुन्हा कान लावायचा. आवाज गेला की दुखणं गेलं. या एका नियमावर त्यांचं अख्खं आयुष्य निघालं.

ठकी दोन महिने आधीच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. फुप्फुसं कच्ची राहिली ती राहिलीच. इतर मुलांना शिंक आली की नाक पुसायचं, ठकीला शिंक आली की घरात रजा कोणी घ्यायची ते ठरायचं. पण काय दिवस होते ते! वाफेचा मास्क लावून ठकी सोफ्यावर बसायची, कानसेन इंजिन ड्रायव्हर व्हायचे, आणि तिची आई हाताची वाटी करून तिची पाठ थोपटायची, खालून वर, खालून वर. मधेच म्हणायची, "अहो, गाडी जरा हळू घ्या, प्रवाशाला खोकला आलाय." तिघांना मिळून तासन् तास असं बसायला पुढे कधी मिळालंच नाही. आजारपणाच्या आठवणीने माणसाने हळहळावं, म्हणजे कमालच म्हणायची. पण कानसेन हळहळायचे.

ठकी सहा वर्षांची असतानाची गोष्ट. आधी साधी सर्दी, दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी छातीत शिट्टी. आई वाचनालयात कामाला होती. ती सकाळी गेली, कानसेन घरी राहिले. औषध दिलं, दोनदा वाफ दिली, पण शिट्टी काही हटेना. दर पाच मिनिटांनी ते कान लावून बघत होते. चारच्या सुमाराला लावला, तर शिट्टी बंद. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पोरगी डोळे मिटून शांत पडलेली.

कानसेनांना हायसं वाटलं. खोटं कशाला, स्वतःचं कौतुकही वाटलं. त्यांनी पांघरूण नीट केलं, चहा टाकला आणि निवांत पीत बसले. चांगला अर्धा तास. तो अर्धा तास पुढे जन्मभर त्यांच्या मानगुटीवर बसला.

दाराच्या कुलपात किल्ली फिरली तसे ते पुढे होऊन कुजबुजले, "अगं, आवाज गेला. बरी झाली आपली ठकी."

तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सरळ पांघरूण काढलं, फ्रॉक वर केला. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. गळ्याखाली खळगा पडत होता. नखं निळसर झाली होती.

"आवाज गेला म्हणजे बरी नाही झाली हो," ती म्हणाली. "आवाज यायचा तर श्वास तरी आत जायला नको का? उचला तिला."

मागच्या खेपेला नर्सने हे तिला समजावलं होतं. कानसेन तेव्हा औषधाच्या रांगेत उभे होते.

उचललं मात्र त्यांनीच. गोष्टीतलं तेवढं खरं. ठकी नऊ दिवस दवाखान्यात होती, त्यातले दोन दिवस श्वासाच्या नळीवर. बाहेर व्हरांड्यात कानसेनांच्या बहिणीने विचारलं, "त्या वेळी घरी होतं कोण?" कानसेनांनी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली. "हेच होते. म्हणून तर वेळेवर कळलं."

बहीण गेल्यावर त्यांनी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं तर उद्यापासून तुम्ही तिला हात लावायला घाबराल," ती म्हणाली. "आणि मला एकटीला ती झेपायची नाही."

त्यानंतर तिने कानसेनांना शेजारी बसवून छातीकडे बघायला शिकवलं. त्या चुकीचा विषय पुन्हा कधी काढला नाही, भांडणातसुद्धा नाही. आणि पाहुणे आले की कौतुकाने सांगायची, "यांनीच ओळखलं." कानसेन मान खाली घालून ऐकून घ्यायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

कानसेन हात पुसत बाहेर आले.

"ठकी, ती गोष्ट तशी नाही. मी नाही ओळखलं. तुझ्या आईने ओळखलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, चहासकट. "तिचं श्रेय मी वीस वर्षं वापरलं. आता ती नाही. निदान तुला तरी माहीत असावं."

जावई जमिनीकडे बघत राहिला. ठकीचे डोळे भरून आले होते. कानसेन उभेच होते, ती म्हणेल ते ऐकायच्या तयारीने.

"आधी बसा बाबा," ठकी म्हणाली. "आणि पुन्हा सांगा. सावकाश सांगा. आई घरी आली, तिथपासून."

कानसेन बसले. त्यांनी घसा साफ केला.

"त्या दिवशी ती लवकर सुटली होती," ते म्हणाले. "जिन्यात गाणं गुणगुणत होती. खुशीत होती."