हातभर जाड पाइप

कोणाचाच विश्वास बसणार नाही, बसवूही नका. पण भर मे महिन्यात, नागपुरात रस्त्याचं डांबर पाघळत असताना, बुटीबोरीच्या एका कारखान्यात चंद्रभान फिटरला थंडीच्या धाकानं घाम फुटला होता.

चंद्रभानचा सारा जन्म बॉयलरवर गेलेला. पाइप निवडायची त्याची एकच रीत: हातोडी मारायची, आवाज भरीव आला की पाइप पास. जाड पाइप दगा देत नाही, हे त्याचं ब्रह्मवाक्य. द्रव नायट्रोजनच्या नव्या लाइनीत स्टेनलेस हातभर कमी पडलं, तेव्हा त्यानं साध्या लोखंडाचा जाडजूड तुकडा जोडला, वरून चंदेरी रंग फासला अन् टँकरपाशी चहा प्यायला गेला.

तिथं टँकरवाला प्रेमानंद गंमत दाखवत होता. नायट्रोजनच्या धुरकट डब्यात त्यानं स्टेनलेसचा तुकडा बुडवला, फरशीवर आपटला. तुकडा टणकन उडाला, बस. मग चंद्रभानच्याच जाड पाइपचं उरलेलं टोक बुडवलं, आपटलं. कपबशी फुटावी तशा ठिकऱ्या उडाल्या.

"पाहिलं का गा? एवढ्या थंडीत साधं लोखंड काच होते!"

चंद्रभानच्या हातातला चहा सांडला. त्या लाइनीच्या व्हॉल्व्हवर त्याची भाची रितिका होती. चंदेरी तुकडा ऐन तिच्या छातीसमोर.

तो धावत सुटला. "रितिके, खोलू नको वं!"

कॉम्प्रेसरच्या घरघरीत कोण ऐकतं? रितिका पाठमोरी, चाक फिरवून राहिली. पाइपावरून बर्फाची पांढरी साय सापासारखी सरकत आली. पहिला सांधा पांढरा पडला. मग दुसरा. बहिणीले काय तोंड दाखवू? चंदेरी तुकड्यातून आवाज आला: टिक्.

मग काय! चंद्रभाननं तो तुकडा उघड्या हातांनी पोटाशी कवटाळला अन् अंगात मुरलेलं जन्मभराचं ऊन त्या लोखंडात उतरवलं. बर्फ पाणी झालं, साप मागं फिरला, टँकरमधला नायट्रोजन चहासारखा उकळून...

"खोटं, भैय्याजी!" माझी गोष्ट मध्येच तोडत ऐकणाऱ्यांतून रितिकाच उठली. "ते टिक् मीनं ऐकलं, चाक मीनंच बंद केलं. अन् मामा? तो तं टँकरमागून हललाच नाही. तिथंच डोळे मिटून कापत होता!"