सात वाजताची पाटी

मी पाटी बोलतेय. हल्लीच्या पत्र्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या पाट्यांतली नाही; खरी दगडी, लाकडी चौकटीची. माझा दगड आंध्रातल्या खाणीतला. पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात मी दोन महिने दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात पडून होते. मग एका जूनमध्ये सुनीताबाईंनी मला निवडलं. त्यांचा सुशांत तेव्हा पहिलीत जाणार होता.

सुशांतने माझ्यावर दोन वर्षं गिरवलं, थुंकी लावून पुसलं, एकदा जिन्यावरून खालीही टाकलं. तो वहीवर लिहायला लागला आणि मी माळ्यावर गेले. जुन्या पंख्याच्या आणि गणपतीच्या मखराच्या मधे पंचवीस-सव्वीस वर्षं राहिले. मला वाटलं, संपलं आपलं.

पण तीन वर्षांपूर्वी टीव्हीवर तो खेळ सुरू झाला. रोज संध्याकाळी सातला. पडद्यावर नऊ अक्षरं येतात, काना-मात्रा आपल्या मनाने लावायचे आणि पंचेचाळीस सेकंदांत लांबात लांब शब्द करायचा. मग सहा आकडे येतात. त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार करून एक मोठी संख्या गाठायची. खेळणारे तिकडे स्टुडिओत असतात, पण इकडे तळ्याजवळच्या आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, तो खेळ त्यांच्यापेक्षा जास्त जोरात चालायचा.

सुनीताबाई पनवेलच्या कोर्टात मराठी टंकलेखनिक होत्या. सगळं आयुष्य अक्षरांत गेलेलं. त्यांचे यजमान उदयसिंह पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ते आकड्यांचे. ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनने लिहायचे. बाईंना कागदाचा कंटाळा. त्यांनी मला माळ्यावरून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि मांडीवर घेतलं.

एकदा स, म, ज, त, द, र, प, ण, क अशी अक्षरं आली. उदयसिंह म्हणाले, "मजदूर! चार!" बाईंनी मला उचलून त्यांच्यासमोर धरलं. माझ्यावर लिहिलं होतं, 'समजूतदारपणा'. आठ अक्षरं! स्टुडिओतल्या कुणालाही ते जमलं नव्हतं. उदयसिंहांनी त्या दिवशी सोसायटीत चार जणांना फोन केले.

स्वयंपाकघराच्या दारात भामा उभी असायची. ती संध्याकाळी पोळ्या करायला येते. तिचा नवरा मंगळ्या उलव्याच्या बांधकामांवर जातो आणि दोघं हायवेपलीकडे पत्र्याच्या खोलीत राहतात. भामाला अक्षरओळख नव्हती. खेळ बघता बघता ती विचारायची, "बाई, ह्यो 'ध' का 'घ'?" मग पोळ्या झाल्यावर बाई तिला माझ्यावर गिरवायला लावायच्या. वर्षभरात ती जोडाक्षरांपर्यंत आली.

गेल्या महिन्यात जोडप्यांच्या खास भागासाठी उदयसिंहांनी अर्ज भरला आणि चॅनेलवरून चक्क बोलावणं आलं. रेकॉर्डिंगची तारीख ठरली. उदयसिंहांनी नवा शर्ट शिवायला टाकला. घरात तेवढा एकच विषय राहिला.

त्यानंतर दोन दिवसांनी ते पहिल्यांदा झालं.

अक्षरं आली. बाईंची पेन्सिल माझ्यावर फिरली, पण ती नेहमीची नव्हती. त्यांनी लिहिलं, 'गल'. मग 'लग'. मग 'गलग'. आणखी एकदा 'गलग'. पेन्सिल तिथेच घुटमळली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग तळहाताने भर्रकन सगळं पुसून टाकलं.

"पलटण! चार!" उदयसिंह ओरडले. "तुझं काय?"

बाईंनी नुसती मान हलवली.

लगेच आकडे आले. पंचाहत्तर, सहा, नऊ, असे काहीतरी. गाठायची संख्या चारशे एकोणसाठ. बाईंनी उदयसिंहांच्या आधी लिहिलं, पंचाहत्तर गुणिले सहा, अधिक नऊ. बरोबर! त्यांचा श्वास मोकळा झाला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं माझा." उदयसिंह म्हणाले, "आकडे बरे दिसले!" आणि दोघं हसले.

मी हसू शकले नाही. मला ठाऊक होतं की डोळ्यांचं काही नव्हतं. त्यांचा हात माझ्या चौकटीवर होता आणि तो दगडासारखा जड झाला होता.

दुसऱ्या वेळी भामाने पाहिलं. उदयसिंह गॅलरीत फोनवर सुशांतशी बोलत होते. सुशांत नागपूरला असतो. पडद्यावर भ, क, र, द, व, ल, ग, म, त. भामा पदराला हात पुसत बाईंच्या मागे येऊन उभी राहिली आणि माझ्यावरचं वाचायला लागली.

"भ... व... ल... ग... व... भ. बाई, ह्यो कोनता शबूद? मला ह्यो येत नाय."

बिचारीला वाटलं, आपणच अजून शिकलो नाही.

बाईंनी तोंड उघडलं. "ते... ते... ते..." एवढंच आलं. भामा घाबरली. तिने पाणी आणलं. एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, जसे गेले तसे शब्द परत आले. बाईंनी आधी मला पुसलं आणि मग भामाचं मनगट धरलं.

"हे दुसऱ्यांदा झालंय. साहेबांना सांगायचं नाही."

"पन बाई, डाक्टर..."

"रेकॉर्डिंग होऊ दे. मग मी स्वतः जाईन. भामा, माझी आई असंच बोलता बोलता थांबली. मग सहा वर्षं अंथरुणात. नुसती बघायची. मी भरवायचे, ती बघायची. त्या दुखण्याचं नाव मला आत्ता या घरात काढायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

भामाने मान खाली घातली. शपथ तिच्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. वरवर सगळं तसंच होतं. रोज सात वाजता खेळ, उदयसिंहांची आरडाओरड, नव्या विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांचा आवाज. पण सकाळी उदयसिंह फिरायला गेले, की बाई मला घेऊन स्वयंपाकघरात बसायच्या आणि समोर दिसेल त्याचं नाव लिहायच्या. तवा. परात. चिमटा. गाळणं. स्वतःची परीक्षा घ्यायच्या. बहुतेक दिवस सगळी नावं यायची. एका सकाळी त्यांनी विळीकडे पाहिलं आणि पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी त्यांनी माझ्यावर विळीचं चित्र काढलं, त्या चित्राकडे बघत राहिल्या आणि ते पुसलं.

पुसलं की माझ्यावर काही उरत नाही. मी कागद असते तर कुणाच्या तरी हाती लागले असते.

रेकॉर्डिंगला चार दिवस राहिले होते. खेळ सुरू झाला. भामा कणीक मळत होती, उदयसिंह कॅलेंडरवर वाकून बसले होते. अक्षरं आली. बाईंनी एक अक्षर लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसऱ्याची रेघ खाली घसरत गेली आणि पेन्सिल हातातून पडली. तो हात तसाच लोंबला. मग डावा हात आला. मला पुसायला.

भामा कणकेच्या हातांनी धावत आली. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला त्यांच्या हाताखालून ओढून घेतलं.

"नाय बाई. आज पुसायचं नाय."

ती मला घेऊन उदयसिंहांपुढे गेली. "सायेब, ह्ये वाचा."

"अगं थांब, वेळ चालू आहे."

"वाचा म्हनते ना!"

त्या घरात भामाचा आवाज कधी चढला नव्हता. उदयसिंहांनी वर पाहिलं. माझ्यावरची अक्षरं वाचली. "हा कसला शब्द? सुनीता, हे..."

बाई त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होत्या. हसू अर्ध्याच तोंडावर आलं.

बाईंना दवाखान्यात न्यायला शेजारच्यांची गाडी निघाली तेव्हा टीव्ही चालूच होता. मी सोफ्यावर पालथी पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उदयसिंह कपडे न्यायला आले. दाढी वाढलेली. सुशांत तिकडे आयसीयूबाहेर बसला होता. भामा कालपासून घरीच गेली नव्हती. तिने स्वयंपाकाचा ओटा तीनदा धुतला होता.

"डॉक्टर विचारत होते," उदयसिंह म्हणाले, "आधी कधी असं झालं होतं का. मी सांगितलं, कधीच नाही."

भामा भिंतीला टेकली. "झालतं, सायेब. दोनदा झालतं."

"दोनदा?"

"बाईंनी शपथ घातली व्हती."

मला वाटलं, आता ते तिच्यावर ओरडतील. ते खुर्चीत बसले. "मी शेजारीच बसलेलो असायचो," एवढंच म्हणाले.

तुम्ही माझं ऐकताय म्हणून सांगते. घरातलं कुणी बोलता बोलता अडलं, हातातली वस्तू गळून पडली, तोंड जरा वाकडं दिसलं, तर चष्मा म्हणू नका, वय म्हणू नका. ते ओसरलं म्हणून सुटलो असं समजू नका. लगेच उठा. तुमच्या शेजारचं माणूस घाईघाईने काय पुसतंय, तिकडे एकदा बघा. त्या घरातल्यांना माझं ऐकू येत असतं तर मी पहिल्याच संध्याकाळी ओरडले असते.

आज सहावा दिवस. बाई अजून दवाखान्यातच आहेत. रेकॉर्डिंगची तारीख येऊन गेली. मी जेवणाच्या टेबलावर आहे आणि त्यांची तीन अक्षरं अजून माझ्यावर आहेत.

मघाशी उदयसिंह आले. भामाने दारातच विचारलं, "बोलल्या का?"

"एक शब्द बोलली."

"कोनता?"

"कळला नाही गं. दोनदा म्हणाली. माझा हात धरून म्हणाली." त्यांनी पेन्सिल मागितली आणि बाईंच्या अक्षरांना धक्का न लावता माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं : त, ळ. "असं काहीतरी होतं."

"तळं?" भामा म्हणाली. "तळ्यावर न्या म्हनत असतील."

"टाळ? ताळा? टाळू?" ते एकेक करून बोलून बघत होते. "की 'मी टाळलं' म्हणत होती?"

दोघंही माझ्यावर वाकून बसलेत. अंधार पडायला आलाय, दिवा लावायचं कुणाच्या लक्षात नाही. शब्द अजून सापडलेला नाही.